परतीचं आधी बघ

सई, व्हिसा आला हे तुझ्या आईकडून कळलं. घरात आता बॅगेच्या वजनाचीच चर्चा असेल. माझी सगळी नोकरी कॉलेजच्या परदेश-विभागात झाली, म्हणून मावशीचं थोडं ऐक.

तू जर्मनीला एका सत्रासाठी चालली आहेस. पदवी तुला इथलीच मिळायची आहे. म्हणजे तिथे कितीही छान शिकलीस आणि इथे ते धरलं गेलं नाही, तर सहा महिने हवेत गेले. तेव्हा लर्निंग ॲग्रीमेंटवर, म्हणजे तिथले कोणते विषय इथे धरले जातील त्या करारावर, सही-शिक्का झाल्याशिवाय निघायचं नाही. सर तोंडी ‘चालेल गं’ म्हणतात, ते मनापासूनच म्हणतात, पण निकालाच्या वेळी खुर्चीत दुसरेच सर असतात. तिकडे पूर्ण सत्र म्हणजे 30 क्रेडिट. पोचल्यावर एखादा विषय बदलावा लागतोच, कधी वेळा जुळत नाहीत, कधी तो जर्मनमध्येच शिकवतात. बदललास की त्याच आठवड्यात इकडून ईमेलवर मंजुरी घे. प्रत्येक विषयाचा अभ्यासक्रमही उतरवून ठेव, समतुल्यता ठरवताना तोच मागतात.

हजेरीचंही आत्ताच बोल. तिकडच्या हिवाळी सत्राची व्याख्यानं ऑक्टोबरपासून फेब्रुवारीपर्यंत चालतात, बऱ्याच परीक्षा त्यानंतर. आपल्याकडे पुढचं सत्र तोवर सुरू होऊन गेलेलं असतं. याच्यावरून दरवर्षी कोणीतरी आमच्या टेबलाशी रडवेलं उभं असायचं. आणि वर्गात नाव घातलं म्हणजे परीक्षेला बसता येतं असं समजू नकोस. परीक्षेची नोंदणी बहुतेक ठिकाणी वेगळी असते, तिची मुदत गेली की गेली. गुणांची शिडीही उलटी आहे, 1.0 सर्वोत्तम, 4.0 काठावर पास, 5.0 नापास. गुणपत्रिकेबरोबर तो तक्ता मागून आण, नाहीतर आपले क्लार्क 1.3 बघून म्हणतील, पोरगी बुडाली!

राहायला गेल्यावर दोन आठवड्यांत पत्त्याची नोंदणी, म्हणजे आनमेल्डुंग, करायची. त्यासाठी घरमालकाचा सहीचा कागद लागतो, तो किल्लीबरोबरच माग. या नोंदणीवाचून पुढची बरीच कामं अडतात. मग घरी एक पत्र येईल, रेडिओ-टीव्हीच्या वर्गणीचं, महिना 18.36 युरो. टीव्ही नसला तरी द्यावी लागते. पण ती घरटी एकच असते, तेव्हा फ्लॅटमधल्या मुलींना विचार, कोणी आधीच भरत असेल तर वाटून घ्या. निघताना नोंदणी रद्द कर, वर्गणीवाल्यांना वेगळं कळव, बँकेचं खातं शेवटी बंद कर. गुणपत्रिका बऱ्याचदा तू परतल्यावर येते आणि विद्यापीठाचा ईमेल पुढे बंद होतो, म्हणून तिथल्या ऑफिसला स्वतःचा ईमेल देऊन ये.

आजी तुपाची बरणी बांधून देईल. प्रेमाने नाही म्हण. बाहेरच्या देशातून येणाऱ्यांना मांस आणि दुधाचे पदार्थ युरोपीय संघात नेता येत नाहीत, म्हणजे पेढेही नकोत. गोडा मसाला आणि मेतकूट ने. रोजची औषधं असतील तर डॉक्टरांच्या चिठ्ठीसकट, तीन महिन्यांपुरतीच. रविवारी दुकानं बंद, वाणसामान शनिवारी. बाटल्या फेकू नकोस, प्लास्टिकच्या बहुतेक बाटल्यांमागे 25 सेंट परत मिळतात.

तिथल्या मराठी मंडळींकडे दिवाळीला जरूर जा. पण दर शनिवार-रविवार तिथेच काढायचा असेल तर कोथरूड काय वाईट होतं? एक्सचेंजची मुलं आपापसातच फिरतात, हेही मी पाहिलंय. एखाद्या जर्मन मुलीबरोबर मेन्सात, म्हणजे विद्यापीठाच्या खानावळीत, जेवायला बस, पहिल्यांदा तूच विचार.

बॅग नंतर भर. उद्या सकाळी आधी विभागात जाऊन सही घे, आणि त्या ॲग्रीमेंटची एक प्रत आईकडे ठेव.