नाकांतील बुरशीचे प्रकार व त्यांची ओळख

पावसाळ्यांत माथेरानच्या तबेल्यांतील गवतावर, आणि पायथ्याच्या नेरळ-कर्जत भागांत भाताच्या पेंढ्यावर व शेणखतावर बुरशी चढलेली आपण पाहतों. तिचीं सूक्ष्म बीजें श्वासाबरोबर सर्वांच्याच नाकांत जातात. निरोगी मनुष्यास त्यांपासून बहुधा कांहीं होत नाहीं. ज्यांस होतें त्यांचा रोग मात्र एकाच जातीचा नसतो, आणि ती जात ओळखण्यावर उपचार अवलंबून असतो.

गाल, कपाळ व डोळे यांच्या लगतच्या हाडांत हवेच्या पोकळ्या आहेत. त्यांस सायनस म्हणतात. तेथील बुरशीचे मुख्य वर्ग दोन. आंब्याच्या पानावरील काजळी तुडतुड्यांच्या चिकट स्रावावर वाढते, पानांत शिरत नाहीं. भाताचा करपा पानांत शिरून तें मारतो. तोच भेद येथें आहे.

आंत न शिरणारे प्रकार:

१. बुरशीचा गोळा. बहुधा गालाच्या एकाच पोकळींत जमतो. शस्त्रक्रियेनें तो काढला म्हणजे पुरतें. बुरशीनाशक औषध सहसा लागत नाहीं.

२. अ‍ॅलर्जीचा प्रकार. तरुणांत अधिक. नाकांत मऊ गांठी वाढतात व घट्ट, चिकट शेंबूड सांचतो. पोकळी स्वच्छ करून स्टेरॉइड औषध देतात.

आंत शिरणारे प्रकार:

३. तीव्र प्रकार. अनियंत्रित मधुमेह किंवा क्षीण प्रतिकारशक्ति असतां होतो, व थोड्या दिवसांत डोळा आणि मेंदूपर्यंत पोंचतो. सन २०२१ च्या करोना लाटेंत महाराष्ट्रांत पुष्कळांस झालेला म्युकरमायकोसिस तो हाच. त्यास लोकांनीं 'काळी बुरशी' म्हटलें. परंतु काळी पडते ती रक्तपुरवठा तुटून मेलेली त्वचा व मांस, बुरशी नव्हे. त्या वर्षींच्या मे महिन्यांत केंद्र सरकारनें हा रोग नोंदणीयोग्य ठरविण्यास राज्यांस सांगितलें.

४. दीर्घकालीन प्रकार. महिनोन्महिने हळूहळू वाढतो. कधीं डोळा पुढें येतो. याचा एक पोटभेद धडधाकट माणसांतहि होतो, व तो हिंदुस्थान आणि सुदान येथें विशेष आढळतो. त्यास बहुधा कारण असलेली अ‍ॅस्परजिलस फ्लेव्हस ही बुरशी भुईमुगावर अफ्लाटॉक्सिन विष उत्पन्न करणारीच होय.

निदान केवळ लक्षणांवरून होत नाहीं. दुर्बिणीनें नाक पाहून व सीटी स्कॅन काढून शेवटीं मांसाचा तुकडा सूक्ष्मदर्शकाखालीं तपासतात. तंतु मांसांत शिरलेले असल्यास वर्ग दुसरा. म्युकरचे तंतु रुंद असून त्यांस पडदे क्वचित् असतात व फांद्या बहुधा काटकोनांत फुटतात. अ‍ॅस्परजिलसचे अरुंद, पडद्यांचे व लघुकोनांत फुटणारे असतात. अ‍ॅस्परजिलसवर चालणारें व्होरिकोनॅझोल म्युकरवर चालत नाहीं. तेथें अँफोटेरिसिन बी व तातडीची शस्त्रक्रिया लागते. तसेंच, ज्या स्टेरॉइडनें दुसऱ्या प्रकारास उतार पडतो, तेंच तिसऱ्यांत आगींत तेल ओततें. यास्तव नाक चोंदलें म्हणून कोणीं सुचविलेली स्टेरॉइडची गोळी स्वतःच्या विचारानें घेऊं नये.

मधुमेही मनुष्याचा एका बाजूचा गाल दुखूं वा बधिर होऊं लागला, डोळा सुजला, एकाचीं दोन दिसूं लागलीं, किंवा टाळूवर काळा डाग पडला, तर डोंगरावर दुसऱ्या दिवसाची वाट पाहूं नये. तत्काळ खालीं उतरून मोठें रुग्णालय गांठावें. बुरसलेला पेंढा हलवितांना नाकातोंडावर मुसकें बांधावें आणि रक्तांतील साखर ताब्यांत ठेवावी, हा सर्वांस साधणारा उपाय होय.