ब्रॉडबँड : ‘अप’ आणि ‘डाऊन’ मार्गांचा हिशेब

वसई-विरार परिसरातील रहिवाशास ‘अप’ आणि ‘डाऊन’ हे शब्द समजावून सांगावे लागत नाहीत. चर्चगेटकडे जाणारी गाडी अप, विरारकडे येणारी डाऊन. सकाळी अप गाडीत पाय ठेवावयास जागा नसते आणि त्याच वेळी समोरून येणाऱ्या डाऊन गाडीत बसावयास जागा मिळते. इंटरनेटच्या जोडणीतही असेच दोन मार्ग असतात. बाहेरून आपल्याकडे येते ती माहिती डाउनलोड, आपल्याकडून बाहेर जाते ती अपलोड. फरक इतकाच, की रेल्वेस एका दिशेने जितक्या गाड्या सोडाव्या लागतात तितक्याच परत आणाव्या लागतात. सेवा पुरविणाऱ्या कंपनीवर असे बंधन नाही. तिने डाऊन मार्गावर वीस आणि अप मार्गावर दोनच गाड्या ठेवल्या, तरी जाहिरातीत वीसाचाच आकडा ठळक छापला जातो.

गावपातळीवरील शासकीय कामकाज मात्र मोठ्या प्रमाणात अप मार्गावरचे आहे. घरकुलाच्या बांधकामाची छायाचित्रे, शाळेची युडायस माहिती, शिक्षकांनी तयार केलेले पाठ, सेवा केंद्रातून दाखल होणारे अर्ज व त्यांसोबतची कागदपत्रे ही सर्व सामग्री वर जावयाची असते. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ अन्वये नागरिकास ठरावीक मुदतीत सेवा मिळण्याचा हक्क आहे. परंतु अर्जच अपलोडमध्ये अडकून पडला, तर त्या मुदतीस प्रारंभ तरी केव्हा व्हावा?

एक साधे गणित पाहू. ३०० मेगाबाइटचा एक चित्रित पाठ आहे. एका बाइटमध्ये आठ बिट असतात आणि जोडणीचा वेग बिटमध्ये सांगितला जातो, ही गोष्ट ग्राहकाच्या सहसा ध्यानात येत नाही. म्हणजे पाठ झाला २,४०० मेगाबिटचा. सेकंदास ८ मेगाबिट डाउनलोड वेग असलेल्या जोडणीवर तो ५ मिनिटांत उतरतो. त्याच जोडणीचा अपलोड वेग १ मेगाबिट असेल, तर तोच पाठ चढविण्यास ४० मिनिटे लागतात.

हा असमतोल तारेतच बसविलेला होता. भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सेवा १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमाने सुरू केली. २००४ च्या ब्रॉडबँड धोरणाने सेकंदास २५६ किलोबिट ही किमान मर्यादा ठरविली आणि २००५ मध्ये दूरध्वनीच्या तांब्याच्या तारेवरून ब्रॉडबँड मिळू लागले. मुंबईच्या ०२२ या संकेतांकाबाहेर असलेल्या, ०२५० संकेतांकाच्या वसईत ही सेवा भारत संचार निगमाची होती. या पद्धतीत एकाच तारेतील वारंवारतांची वाटणी केली जाई. सुमारे ४ किलोहर्ट्झपर्यंतचा पट्टा बोलण्यासाठी, त्यावरील २६ ते १३८ किलोहर्ट्झ अपलोडसाठी आणि १३८ ते १,१०४ किलोहर्ट्झ डाउनलोडसाठी. म्हणजे डाऊन मार्गास अप मार्गाच्या सुमारे आठपट रुंदी. घरातील माणूस वाचील, पाहील, ऐकेल. त्याला पाठवावयाचे ते काय असणार, असा आखणी करणाऱ्यांचा अंदाज होता.

तो अंदाज चुकीचा ठरला. वसईतील अनेक कुटुंबांचे आप्त आखाती देशांत व अन्यत्र आहेत. त्यांच्याशी समोरासमोर बोलताना चित्र दोन्ही दिशांना जावे लागते. मार्च २०२० नंतर शाळा घरातून भरू लागल्या, तेव्हा तर प्रत्येक शिक्षकाचे घर हेच प्रक्षेपण केंद्र झाले. त्याच महिन्यात वाढत्या भारामुळे चित्रपट व मालिका दाखविणाऱ्या कंपन्यांनी भ्रमणध्वनी जाळ्यांवर चित्राचा दर्जा काही काळापुरता उतरविला होता.

पोच अडली की मालही अडतो

अपलोडचा मार्ग अरुंद असल्याची झळ केवळ पाठविणाऱ्यास लागते, असे समजणे चूक ठरेल. इंटरनेटवर बरीचशी माहिती लहान लहान पुडक्यांच्या स्वरूपात येते आणि मिळालेल्या पुडक्यांची पोच प्रेषकाकडे जावी लागते. कार्यालयीन पत्रव्यवहाराशी परिचित असणाऱ्यांना ही रीत नवी नाही. पोच वेळेवर आली नाही, तर पाठविणारा यंत्रसंगणक वाट बिघडली असे समजून आपला वेग कमी करतो. ही पोच अप मार्गानेच जाते. एका संगणकावरून मोठी फाईल वर जात असेल आणि मार्ग तुंबला असेल, तर पोचपावत्या तिच्यामागे रांगेत उभ्या राहतात. परिणामी शेजारच्या टेबलावरील डाउनलोडही मंदावते व दोष मात्र डाउनलोडच्या वेगास दिला जातो.

ऑप्टिकल फायबर आल्यावर ही अडचण कमी झाली, संपली नाही. घरोघरी फायबर नेण्याच्या प्रचलित पद्धतीत एका मुख्य तंतूवर सेकंदास सुमारे अडीच गिगाबिट खाली व सव्वा गिगाबिट वर एवढी क्षमता असते आणि ती ३२ किंवा ६४ घरांत वाटली जाते. वर पाठविताना प्रत्येक घरास केंद्रातील यंत्र क्षणाक्षणाची पाळी नेमून देते. काही योजनांत दोन्ही दिशांचा वेग समान असतो, काहींत नसतो.

व्यवस्थापन कोठवर?

सायंकाळी लोकलमधून उतरलेली कुटुंबे घरी पोहोचतात आणि नालासोपाऱ्याच्या एकेका इमारतीतील बहुतेक जोडण्या एकाच वेळी जाग्या होतात. सर्वांना एकदम पूर्ण वेग देता येईल एवढी क्षमता कोणीच ठेवीत नाही. भारतीय दूरसंचार नियामक प्राधिकरणाने २००९ मध्ये घरगुती ग्राहकांसाठी १:५० व व्यावसायिकांसाठी १:३० असे वाटणीचे प्रमाण सुचविले होते. गर्दीच्या वेळी कोणास आधी सोडावे हे ठरविणे, म्हणजेच वाहतूक व्यवस्थापन, हे म्हणून गैर नव्हे. बोलण्याची पुडकी फाईलच्या आधी सोडली तर कोणाचेच नुकसान होत नाही. गैर ते, जे ग्राहकास न सांगता केले जाते. अमेरिकेत कॉमकास्ट कंपनीने फाईल-देवघेवीच्या जोडण्या गुपचूप खंडित केल्याचे २००७ मध्ये उघडकीस आले आणि २००८ मध्ये तेथील नियामक आयोगाने तिला त्याबद्दल दोषी धरले.

भारतात प्राधिकरणाने ८ फेब्रुवारी २०१६ रोजी मजकूर पाहून वेगवेगळे दर लावण्यास मनाई केली. नोव्हेंबर २०१७ च्या शिफारशींत मजकुरानुसार वाहतूक अडविणे वा मंदावणे अमान्य ठरविले; वाजवी व्यवस्थापनास मुभा ठेवली, परंतु ते प्रमाणशीर, तात्पुरते व पारदर्शक असावे अशी अट घातली. २०१८ मध्ये शासनाने ही तत्त्वे मान्य केली. ठरावीक वापर संपल्यावर वेग उतरविण्याच्या प्रथेबाबत ऑक्टोबर २०१६ चा निर्देश आहे. त्यानुसार स्थिर ब्रॉडबँडचा डाउनलोड वेग त्यानंतरही ५१२ किलोबिटच्या खाली जाता कामा नये.

येथेही उल्लेख डाउनलोडचाच आहे. दूरसंचार विभागाने २५ जानेवारी २०२३ रोजी ब्रॉडबँडची व्याख्या २ मेगाबिटपर्यंत वाढविली, तीही डाउनलोडपुरतीच. त्यामुळे शाळेने वा ग्रामपंचायतीने जोडणी घेताना अपलोडचा वेग, वापराची मर्यादा आणि मर्यादेनंतरचा दोन्ही दिशांचा वेग मागणीपत्रातच लिहून मागणे भाग आहे. प्राधिकरणाच्या ‘मायस्पीड’ अॅपवर दोन्ही वेग मोजता येतात. मोजणी सकाळी एकदा व रात्री नऊच्या सुमारास एकदा करावी. तक्रार प्रथम कंपनीच्या तक्रार केंद्राकडे नोंदवून तिचा क्रमांक घ्यावा. तेथे समाधान न झाल्यास त्याच क्रमांकाच्या आधारे कंपनीच्या अपील प्राधिकाऱ्याकडे जाता येते.