वाघाच्या मावशीचा विमा

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. सोमवारची सकाळ, डबे भरायचे राहिलेले, स्कूल व्हॅन यायला दहा मिनिटं. लेक स्वयंपाकघराच्या दारात येऊन म्हणाली, "आई, मायानं कालपासून काहीच खाल्लं नाही." मी पोळी उलटता उलटता म्हटलं, "खाईल गं. मांजरं असंच करतात. तू आधी वेणी घालून घे."

सकाळच्या त्या घाईत तुम्हीही बहुतेक हेच म्हटलं असतं. मुलांचं ऐकायचं नसतं असं थोडंच आहे? पण त्या वेळी घड्याळाचा काटा मुलांपेक्षा मोठ्यानं बोलत असतो.

माया म्हणजे आमची मांजर. ताडोब्यातली माया वाघीण चंद्रपूरच्या पोरांना घरच्यासारखी माहीत. लेकीनं नालीच्या कडेचं पिल्लू ओढणीत गुंडाळून आणलं, तेव्हा तिला दुसरं नावच सुचलं नाही. पुढे 2023 मध्ये ती वाघीण दिसेनाशी झाली आणि काही महिन्यांनी जंगलात तिचे अवशेष सापडल्याची बातमी आली. तेव्हापासून मांजर यायला जरा उशीर झाला की लेक गेटपाशी जाऊन उभी राहते. मला वाटायचं, नुसतं खेळणं चाललंय. तिच्या मनात ती दोन नावं किती घट्ट गुंतली आहेत, हे मला फार उशिरा कळलं.

संध्याकाळी घरी आलो तर माया पलंगाखाली, पाण्याच्या वाटीवर मान टाकून पडलेली. पाणी समोर, पण पीत नव्हती. बाजूला पिवळ्या उलटीचे दोन डाग. अंगाला हात लावला तर चटका बसावा असा ताप. मी सवयीनं फ्रिजवरची लेकीची तापाची बाटली काढली, म्हटलं दोन थेंब देऊन बघू. द्यायच्या आधी डॉक्टरांना फोन केला म्हणून बरं. ते म्हणाले, "ताई, पॅरासिटामॉल मांजराला विष आहे. एक गोळीसुद्धा जीव घेते." मांजराच्या यकृताला ते औषध पचवता येत नाही, रक्तातल्या तांबड्या पेशी बिघडतात. बाकी काही विसरलात तरी चालेल, एवढं मात्र घरातल्या सगळ्यांना सांगून ठेवा. आजीला तर नक्कीच, कारण आजीच्या डब्यात ही गोळी असतेच.

दवाखान्यात नेऊन रक्त तपासलं तर पांढऱ्या पेशी फार कमी निघाल्या. डॉक्टरांना संशय होता तो पॅनल्यूकोपेनियाचा, मांजरांच्या जीवघेण्या साथीच्या रोगाचा. त्यावर लस असते. पिल्लू सहा-आठ आठवड्यांचं झालं की पहिला डोस, मग तीन-चार आठवड्यांनी पुढचे, ते साधारण चार महिन्यांचं होईपर्यंत. मायाचा पहिला डोस झाला होता. पुढचा मार्चमध्ये होता. मार्चमध्ये लेकीची परीक्षा, एप्रिलमध्ये घरातलं लग्न, मे महिन्यात कोण बाहेर पडतं चंद्रपूरच्या उन्हात! राहिला तो राहिलाच.

तीन दिवस सलाईन चाललं. दुसऱ्या रात्री आम्ही नवरा-बायको हळू आवाजात खर्चाचं बोलत होतो. मुलं झोपली असं समजून आपण बोलतो, आणि भिंतीपलीकडे ती टक्क जागी असतात. थोड्या वेळानं लेक पावडरचा रिकामा डबा घेऊन आली. आत मामानं दिलेल्या नोटा आणि चिल्लर. मोजून तीनशे चाळीस रुपये.

"आई, एवढ्यात होईल का? नाही झालं, तर तुम्ही तिला तशीच ठेवाल?"

तिला पैशांचं काही पडलं नव्हतं. आमच्या घरात आजारी पडलेल्याचं काय होतं, एवढंच तिला माहीत करून घ्यायचं होतं. मायाबद्दल विचारता विचारता ती थोडं स्वतःबद्दलही विचारत असावी, असं मला आजही वाटतं.

माया वाचली. सगळा खर्च, रिक्षा धरून, साडेचार हजारांच्या आसपास गेला. त्याच आठवड्यात यांनी मोबाईलवर मांजराच्या विम्याची माहिती काढली. तेव्हाच्या बजाज अलियान्झ कंपनीनं 2020 मध्ये कुत्र्यांसाठी आणि पुढे मांजरांसाठीही असा विमा आणला, आता आणखीही कंपन्या तो देतात. आरमोरीला सासऱ्यांना फोनवर सांगितलं तर ते म्हणाले, "बैलाचा इमा आयकला होता, मांजराचा पयल्यांदाच आयकतो वो."

त्यांचं बरोबरच होतं. आपल्याकडे जनावराचा विमा म्हणजे गाय, म्हैस, बैल, शेळी. कानाला बारा आकडी बिल्ला, सरकारी योजना. 2024 पासून तर हप्त्याचा 15 टक्केच वाटा मालकानं भरायचा, बाकीचा केंद्र आणि राज्य सरकार भरतं. वाघानं बैल मारला तर वनविभागाकडून भरपाई मिळते, कारण बैल गेला की घराचं पोट अडतं. मांजराच्या जाण्यानं पोट अडत नाही. अडतं ते लेकराचं मन, आणि त्याला कुठल्या योजनेत रकाना नाही. म्हणून तर हा हिशेब आपला आपल्यालाच करावा लागतो.

आम्ही दोघांनी एका रविवारी बसून पॉलिसीचे कागद वाचले. हप्ता ठरतो मांजराच्या वयावर, जातीवर आणि तुम्ही किती रकमेचा विमा घेता त्यावर. ऑपरेशन, दवाखान्यात भरती, मोठं आजारपण यांचा खर्च ठरलेल्या मर्यादेपर्यंत मिळतो. पण लसीचा आणि नसबंदीचा खर्च साधारणपणे मिळत नाही. आधीपासूनचं दुखणं चालत नाही. पॉलिसी घेतल्यावर सुरुवातीचे काही दिवस आजारपणाचा दावा करता येत नाही. आणि ज्या रोगाला लस आहे ती दिलेलीच नसेल, तर त्या रोगाचे पैसे मागायला तोंड राहत नाही. म्हणजे आमच्या मायाच्या आजारपणात विमा असता तरी एक पैसा मिळाला नसता. हे वाचलं आणि आम्ही दोघंही गप्प झालो.

दुसरी अडचण आपल्या भागाची. दाव्याला नोंदणीकृत पशुवैद्यकाची चिठ्ठी, तपासणीचे अहवाल, पक्की बिलं लागतात. चंद्रपूर शहरात हे जमतं. पण आरमोरी, धानोरा, एटापल्लीकडे तालुक्याच्या सरकारी दवाखान्यातले डॉक्टर आधीच गाई-बैलांच्या मागे गावोगाव फिरत असतात. मांजराचा एक्स-रे, सोनोग्राफी तिथे कुठून आणायची? मोठं काही निघालं तर नागपूरच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयाची वाट धरावी लागते, चंद्रपूरहून दीडशे किलोमीटर. विमा बिलाचे पैसे देईल, पण ते अंतर काही कमी करणार नाही.

म्हणून माझं मत सांगते, पटलं तर घ्या. तुमच्या घरी हजारो रुपये देऊन आणलेली पर्शियन मांजर असेल, जवळ चांगला दवाखाना असेल आणि अचानक वीस-पंचवीस हजारांचा खर्च आला तर घर हलेल अशी भीती असेल, तर ती लहान असतानाच विमा घ्या. भीतीनं रात्रीची झोप उडत असेल तर हप्त्याचे पैसे वाया गेले असं मुळीच नाही. पण आमच्यासारखी देशी मांजर असेल आणि लसच राहिली असेल, तर आधी लस, मग नसबंदी, आणि मग वाटलं तर विमा. आम्ही दर महिन्याला दोनशे रुपये बाजूला टाकायचं ठरवलं. लेकीनं तोच पावडरचा डबा पुढे केला. तिचे तीनशे चाळीस मी तिला परत देऊ केले तर म्हणाली, "राहू दे, ते मायाचे आहेत." मी आग्रह केला नाही.

हे ठरवताना आम्ही तिला जवळ बसवलं, आणि ते केलं याचं मला फार बरं वाटतं. आपण पैशाचं मुलांपासून लपवतो, त्यांना ओझं होऊ नये म्हणून. पण अर्धवट ऐकलेलं ओझं जास्त जड असतं. आम्ही तिला खरं तेच सांगितलं: इथे जे उपचार होतात ते सगळे करू, गरज पडली तर नागपूरलाही नेऊ. आणि डॉक्टरच म्हणाले की आता मायाला फक्त त्रास होतोय, तर तेही तुझ्यापासून लपवणार नाही. ती रडली. मग पाणी प्यायली आणि विचारलं, "म्हातारी झाली तरी?" म्हटलं, म्हातारी झाली तरी.

लसीचं बोलते आहे तर रेबीजचं सांगायलाच हवं. मुलं मांजराचा ओरखडा लपवतात, कारण आपण रागावू आणि "सोडून ये तिला" म्हणू अशी त्यांना धास्ती असते. त्यांना आधी शब्द द्या की रागावणार नाही. चावलं किंवा ओरखडलं तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणानं पंधरा मिनिटं धुवायची आणि त्याच दिवशी दवाखाना गाठायचा. सरकारी रुग्णालयात माणसांना रेबीजची लस फुकट मिळते. मांजराला दरवर्षी रेबीजची लस द्या, घरात मूल असेल तर हे टाळूच नका.

आणि कोंबडीची कच्ची आतडी-कातडी मांजरीला टाकायची सवय आपल्याकडे घरोघरी आहे. आमच्याकडेही होती. 2024 च्या डिसेंबरमध्ये नागपूरच्या गोरेवाडा बचाव केंद्रात तीन वाघ आणि एक बिबट्या बर्ड फ्लूनं, म्हणजे कोंबड्या-पक्ष्यांच्या रोगानं, गेले. ते वाघ आपल्याच चंद्रपूर जिल्ह्यातून तिकडे नेलेले. लेकीनं ती बातमी ऐकली आणि म्हणाली, "वाघाला होतो, तर वाघाच्या मावशीला नाही का होणार?" तेव्हापासून आमच्याकडे मायाचं सगळं शिजवूनच.

मायाला धोका राहिला तो बिबट्याचा. दुर्गापूर-ऊर्जानगरकडे 2022 मध्ये वाघ-बिबट्यांच्या हल्ल्यांत माणसं गेली, तिथे मांजराची काय कथा. पूर्वी माया रात्रभर बाहेर भटकायची आणि लेक खिडकीशी कान लावून पडायची. मी म्हणायची, झोप गं, येईल ती. आता दिवेलागणीला, उजेड असतानाच, लेक पायरीवर येऊन मायाच्या खाऊचा स्टीलचा डबा खुळखुळ वाजवते. पहिल्या वेळी बहुतेक येत नाही. दुसऱ्या वेळी कंपाउंडच्या भिंतीवर शेपूट दिसतं. ती आत आली की लेक दार लावते, कडी ओढून पाहते आणि मला हाक मारून सांगते, "आली गं." काल भाजी चिरता चिरता मीही वळून पाहिलं, आणि सुरी खाली ठेवून बाहेर गेले.