मोटारीच्या क्लचमधील हवा काढणे

चारठाणा व जिंतूर परिसरातील कापूस, सोयाबीन आणि तूर बाजारात नेण्याचे काम पूर्वी बैलगाडी करीत असे. आता ते बव्हंशी जीप व पिकअप करतात. भरलेल्या गाडीचे क्लच-पेडल वाटेत एकाएकी खाली बसले की गिअर पडत नाही आणि माल जागच्या जागी अडकतो. हा बिघाड पुष्कळदा घरच्या घरी दुरुस्त होण्याजोगा असतो. मात्र घाईने हाती येईल ते तेल ओतल्यास क्लचबरोबर ब्रेकही गमावण्याचा प्रसंग येतो.

ट्रॅक्टरचा क्लच बहुधा लोखंडी दांड्यांनी चालतो, कित्येक लहान मोटारींचा तारेने. ज्या गाड्यांत तो द्रवाच्या दाबाने चालतो, त्यांचाच येथे विचार केला आहे. पेडलाजवळच्या वरच्या सिलिंडरातून द्रव नळीवाटे खालच्या सिलिंडरात ढकलला जातो. तो काटा हलवितो व प्लेट मोकळी होते. द्रव दाबाने आकसत नाही, हवा आकसते. नळीत थोडी हवा शिरली की पायाचे बळ ती दाबण्यातच खर्ची पडते. डिझेल इंजिनाची हवा ज्यांनी काढली आहे, त्यांना हे काम अवघड वाटू नये.

प्रथम हवा शिरली कोठून, हे पाहावे. जेथून द्रव गळतो, तेथूनच बहुधा ती आत येते. चालकाच्या पायाजवळ, पेडलाच्या वर ओल दिसल्यास वरच्या सिलिंडरचे रबरी वॉशर गेले असे समजावे. गिअरबॉक्सजवळ खालच्या सिलिंडरच्या रबरी टोपीत ओल असेल, तर दोष तेथे आहे. कोठेच ओल नाही, पण दाबून धरलेले पेडल हळूहळू खाली जाते, तेव्हा वरच्या सिलिंडरात द्रव आतल्या आत मागे सरकत असतो. दोन-तीनदा भराभर दाबल्यावर पेडल कडक लागले, तर हवेचा संशय बळावतो. इंजिन जोरात फिरूनही गाडी ओढत नसेल, तर प्लेट झिजली आहे. तेथे हवा काढण्यात वेळ दवडू नये. काही नव्या गाड्यांत खालचा सिलिंडर गिअरबॉक्सच्या आत असतो. तो गळू लागल्यास काम गॅरेजचेच.

या द्रवाला सर्वत्र ‘ब्रेक ऑइल’ म्हणतात आणि घोटाळा या नावातच आहे. ते इंजिनाच्या तेलासारखे खनिज तेल नव्हे. इंजिनाचे तेल ओतल्यास रबरी वॉशर फुगून निकामी होतात. आणि कित्येक गाड्यांत क्लच व ब्रेक यांची डबी एकच असते! टोपणातील रबर फुगलेले दिसल्यास असे तेल पडल्याचा संशय घ्यावा, गाडी मुळीच चालवू नये व ओढून गॅरेजात न्यावी. टोपणावर डॉट ३ किंवा डॉट ४ जे लिहिले असेल तेच, सीलबंद डब्यातून घ्यावे. हा द्रव ओलावा शोषतो. ताजा डॉट ३ किमान २०५ अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही. ओलावा धरल्यावर ही मर्यादा १४० अंशांपर्यंत उतरू शकते. पावसाळाभर उघडा राहिलेला डबा म्हणूनच टाकून द्यावा.

गळती दुरुस्त झाल्यावर हवा काढावी. गाडी सपाट जागी, इंजिन बंद करून, चाकांना दगड लावून उभी करावी. डबी भरावी. खालच्या सिलिंडरच्या निपलवर पारदर्शक नळी बसवून तिचे दुसरे टोक बाटलीतील ताज्या द्रवात बुडवावे. एकाने पेडल सावकाश दाबून धरावे; दुसऱ्याने निपल पाव ते अर्धा फेरा सैल करावे, बुडबुडे निघू द्यावेत आणि पुन्हा आवळावे. निपल आवळल्यावाचून पाय उचलू नये, नाहीतर तीच हवा परत आत ओढली जाते. दोघांत ‘दाबले’, ‘आवळले’ असे मोठ्याने सांगण्याची पद्धत ठेवावी. चार-पाच वेळांनंतर डबी पुन्हा भरावी. ती एकदा रिकामी झाली की सारे श्रम फुकट जातात. बुडबुडे थांबेपर्यंत हे चालू ठेवावे. निपल बेताने आवळावे, ते लवकर तुटते. बाटलीतील द्रव पुन्हा वापरू नये. तो विषारी असल्याने मुलांपासून दूर ठेवावा. रंगावर सांडल्यास लगेच पाण्याने धुवावा.

शेवटी इंजिन चालू करून रिव्हर्स गिअर न करकरता पडतो का, ते पाहावे. डबी सामाईक असल्यास ब्रेकचे पेडलही दाबून पाहावे; ते मऊ लागल्यास ब्रेकची हवा काढल्याशिवाय माल भरू नये. दुसऱ्या दिवशी सकाळी डबीतील पातळी पुन्हा तपासावी. ती उतरली असेल, तर गळती अजून शिल्लक आहे.