माल चांगला, भाव कमी, तरी गिऱ्हाईक का चिडलं?



या आठवड्याच्या व्हिडिओत मी अ‍ॅपल कंपनीचं एक उदाहरण दिलं होतं. तिथे वेळ कमी पडला, म्हणून तो धडा इथे नीट लिहून देतोय. वही-पेन घेऊन बसा.

काय घडलं?

'फायनल कट प्रो' हे अ‍ॅपलचं व्हिडिओ एडिटिंगचं सॉफ्टवेअर. सिनेमा आणि टीव्हीच्या कितीतरी एडिटरांची रोजीरोटी त्यावर चालायची. पण ७ व्या व्हर्जनपर्यंत त्याचा पाया जुना झाला. ते ३२-बिट होतं. म्हणजे कॉम्प्युटरमध्ये कितीही मेमरी टाका, ते ४ जीबीच्या पुढे वापरूच शकत नव्हतं. डागडुजीने भागणार नव्हतं, म्हणून अ‍ॅपलने ते मुळापासून नवीन लिहिलं.

एप्रिल २०११ मध्ये लास वेगासला एडिटरांच्या मेळाव्यात त्याची झलक दाखवली, तेव्हा टाळ्या पडल्या. २१ जूनला 'फायनल कट प्रो एक्स' बाजारात आलं. वेग जास्त आणि किंमत ३०० डॉलर. आधीचा अख्खा संच सुमारे १००० डॉलरचा होता. तरीही एडिटर भडकले! अमेरिकेत कोनन ओब्रायनच्या टीव्ही शोमध्ये तर त्याची जाहीर थट्टा झाली.

चिडले कशामुळे?

१. जुन्या व्हर्जनचे प्रोजेक्ट नव्यात उघडतच नव्हते.
२. अनेक कॅमेऱ्यांचं शूटिंग एकत्र लावून एडिट करायची मल्टिकॅमची सोय गायब.
३. आवाजाचं काम पुढे साउंड स्टुडिओला पाठवायची सोय नाही. टेपवर उतरवून चॅनेलला द्यायचं, तर तेही धड होईना.
४. टाइमलाइनची पद्धतच बदलली. वर्षानुवर्षं बसलेला हात एका दिवसात निकामी.

आणि सगळ्यात मोठी चूक: अ‍ॅपलने जुन्याची विक्री लगेच बंद केली. समजा एका स्टुडिओत दहा एडिटर जुन्यावर काम करतायत, अकरावा घ्यायचा आहे. त्याला सॉफ्टवेअर आणायचं कुठून?

यातली खरी गोम

एडिटरने फक्त सॉफ्टवेअर विकत घेतलेलं नव्हतं. त्याभोवती त्याने धंदा उभा केला होता: जुनं काम, हाताची सवय आणि पुढच्या माणसाला काम सोपवायची साखळी. अ‍ॅपलने सॉफ्टवेअर बदललं, आणि त्याची साखळी तुटली. नवीन बांधलं म्हणून कोणी चिडलं नाही. नवा पूल पुरा व्हायच्या आत जुना पाडला, म्हणून चिडले.

पुढे अ‍ॅपलने सुधारणा केल्या. त्याच वर्षी जुनं व्हर्जन फोनवरून ऑर्डर घेऊन पुन्हा विकायला काढलं. सप्टेंबरमध्ये इतर सॉफ्टवेअरशी देवाणघेवाणीची सोय आली, जानेवारी २०१२ मध्ये मल्टिकॅम आलं. नवीन सॉफ्टवेअर हळूहळू रुळलं, आजही ते चालू आहे. पण मधल्या काळात अ‍ॅडोबीने एडिटरांना निम्म्या किमतीची ऑफर देऊन दार उघडलं होतं. अनेक जण तिकडे गेले, आणि गेलेलं गिऱ्हाईक सहसा परत येत नाही.

आपण काय शिकायचं?

तुम्ही ऑर्डरचं अ‍ॅप बदलत असाल किंवा व्यापाऱ्यांना देता त्या बिलाचा फॉरमॅट, आधी हे तीन प्रश्न स्वतःला विचारा:

- जुनं कामाला येईल का? गिऱ्हाइकाचा जुना हिशोब, जुन्या ऑर्डरी नव्यात दिसल्या पाहिजेत.
- काय नाही, हे मी आधी सांगितलंय का? नवीन काय आहे ते आपण ढोल वाजवून सांगतो. काय अजून नाही आणि ते कधी येईल, हेही पहिल्याच दिवशी सांगा.
- जुनं किती दिवस चालू ठेवणार? तारीख ठरवा आणि कळवा. मार्चएण्डला किंवा सीझनच्या तोंडावर तर बदल नकोच.

बदल टाळा असं मी म्हणत नाही. अ‍ॅपलला पाया बदलणं भागच होतं, तुम्हालाही कधीतरी बदलावा लागेल. फक्त गिऱ्हाइकाला पलीकडे जायला वाट ठेवा.

गृहपाठ: तुमच्या सगळ्यात जुन्या पाच गिऱ्हाइकांना आज फोन करा. एकच विचारा, "आमची कुठली गोष्ट बंद झाली तर तुमचं काम अडेल?" उत्तरं वहीत लिहून ठेवा. बदलाची वेळ येईल तेव्हा पहिल्यांदा तेच पान उघडा.

भेटू पुढच्या व्हिडिओत!