पुरानंतरचा पाचवा दिवस

30 ऑगस्ट 2021च्या रात्री चाळीसगाव तालुक्यात आभाळ फाटले. तितूर आणि डोंगरी या नद्या एकदम फुगल्या, पाणी शहरात शिरले, कन्नड घाटात दरडी कोसळून रस्ता बंद झाला. गावोगावची शेकडो गुरे गेली, कित्येक तर दावणीलाच.

अशा वेळी मदत येते, भराभर येते. खिचडी, पाण्याच्या बाटल्या, किराण्याची किट. पहिले चार दिवस तेच लागते. पाचव्या दिवशीही टेम्पोतून जुने कपडेच उतरू लागले की गाव वैतागते. प्रस्तुत लेखक अशा वाटपांत हिंडला आहे. डांबरी रस्त्यावरच्या गावाला तीनदा किट मिळते आणि नाल्यापलीकडची वस्ती कोरडीच राहते. (फलक धरून फोटो मात्र सगळीकडे निघतो.) ज्याची दोन ढोरं वाचली, त्याला साडी नको, चारा हवा. कडबा वाहून गेलेला, विहीर गाळाने भरलेली, मोटार त्याच गाळात.

खरा घात उत्साहाने होतो. दुर्गंधी सुटते म्हणून कार्यकर्ते जेसीबी बोलावतात आणि मेलेली जनावरे पुरून टाकतात. आरोग्यासाठी ते योग्यच, पण पंचनामा? 2025च्या अतिवृष्टीत सरकारने दुधाळ जनावराला 37,500 आणि ओढकामाच्या जनावराला 32,000 रुपये मदत ठरवली. पुरावाच पुरला गेला तर त्यासाठी भांडायचे कशाच्या जोरावर? म्हणून आधी कानातल्या बिल्ल्याचा बारा अंकी क्रमांक टिपावा, मालकासह फोटो काढावा, तलाठी आणि पशुवैद्यक यांना बोलावून पंचनामा करून घ्यावा. खड्डा त्यानंतर.

पुढचे काम कंटाळवाणे असते: सात-बारा, पासबुक, ई-केवायसी, यादीत चुकलेले नाव. ते गावातच राहणाऱ्या माणसाने करायचे असते. 1993च्या किल्लारी भूकंपानंतर घरदुरुस्तीच्या कामात ‘स्वयं शिक्षण प्रयोग’ या संस्थेने गावातल्याच बायकांना ‘संवाद सहायक’ म्हणून उभे केले. घरमालक आणि सरकारी यंत्रणा यांच्यामधला दुवा त्या झाल्या. बाहेरचा कार्यकर्ता आठवड्याने परततो, या बायका मात्र गावातच राहणार होत्या.

चाळीसगाव-पाचोऱ्यापासून साक्री-शिरपूरपर्यंतच्या मंडळांनी आणि बचत गटांनी यंदा मृगाआधीच गावातल्या जनावरांच्या बिल्ल्यांची यादी करावी, तिची एक प्रत पूर येणार नाही अशा उंच घरात ठेवावी आणि चारा कुठून आणायचा हे आजच ठरवून टाकावे.