गाडीतला अ‍ॅम्प्लिफायर आणि स्पीकर : जोडी कशी जुळवावी?



आज विषय जरा वेगळा आहे. गणपतीच्या आधी माझ्या वर्गातला एक मुलगा म्हणाला, "बाई, बाबांनी गाडीत दोन मोठे स्पीकर बसवले आणि जळका वास आला!" संध्याकाळी बाबा न्यायला आले तेव्हा विचारलं. अ‍ॅम्प्लिफायरच्या पुस्तिकेत 'कमीत कमी ४ ओहम' असं लिहिलं होतं आणि बसवणाऱ्याने ४ ओहमचे दोन सबवूफर समांतर जोडले होते. चूक तिथेच झाली होती.

१. ओहम म्हणजे काय?
ओहम म्हणजे विजेच्या वाटेतला अडथळा. मुलांना शाळेच्या गेटचं उदाहरण द्या. शेजारी शेजारी दोन गेटं उघडली तर गर्दी दुप्पट वेगाने बाहेर पडते. ही झाली समांतर जोडणी. एकामागे एक दोन गेटं असतील तर गर्दी अडते. ही एकसर जोडणी.

४ ओहमचे दोन स्पीकर :
- समांतर जोडले तर २ ओहम
- एकसर जोडले तर ८ ओहम

२. हिशोब करून पाहू
समजा अ‍ॅम्प्लिफायर २० व्होल्ट देतो. व्होल्ट भागिले ओहम म्हणजे अँपिअर आणि व्होल्ट गुणिले अँपिअर म्हणजे वॅट.
- ४ ओहम : ५ अँपिअर, १०० वॅट
- २ ओहम : १० अँपिअर, २०० वॅट
- ८ ओहम : अडीच अँपिअर, ५० वॅट

बघा, २ ओहमला प्रवाह दुप्पट झाला. तो पेलायची अ‍ॅम्प्लिफायरची तयारी नव्हती, म्हणून तो तापला. जोडणी एकसर केली की धोका टळतो. १०० चे ५० वॅट झाले तरी आवाज फक्त ३ डेसिबलने कमी होतो, म्हणजे कानाला थोडाच फरक जाणवतो.

३. खोक्यावरच्या आकड्याला भुलू नका
लॅमिंग्टन रोडला गेलात तर खोक्यावर मोठमोठे वॅट दिसतील. तो बहुतेक वेळा क्षणभराचा कमाल आकडा असतो. तुम्ही 'आरएमएस' शोधा, म्हणजे सलग पेलणारी शक्ती. स्टिरिओवर '५० × ४' छापलेलं असतं, पण गाडीच्या १२ ते १४ व्होल्टवर त्यातून ४ ओहमच्या स्पीकरला एका चॅनेलमागे साधारण २० वॅटच सलग मिळतात. म्हणूनच सबवूफरला वेगळा अ‍ॅम्प्लिफायर लागतो.

अ‍ॅम्प्लिफायरचा आरएमएस स्पीकरच्या आरएमएसच्या जवळपास असावा. "छोटा अ‍ॅम्प्लिफायर म्हणजे सुरक्षित" हा गैरसमज आहे. छोटा अ‍ॅम्प्लिफायर फुल्ल वाजवला की आवाजाच्या लाटेचं टोक कापलं जातं, आवाज फाटतो आणि बारीक आवाजाचा ट्विटर जळू शकतो.

४. वायर आणि फ्यूज
३०० वॅट आरएमएसचा क्लास डी अ‍ॅम्प्लिफायर पूर्ण जोरात बॅटरीतून साधारण २६ अँपिअर ओढतो. वायर बारीक असेल तर ती तापते. फ्यूज बॅटरीपासून दीड फुटाच्या आत हवा, कारण तो वायरला आगीपासून वाचवतो. "फ्यूज सारखा उडतो" म्हणून मोठा टाकू नका. तो का उडतो ते आधी शोधा.

५. आणि कान?
जागतिक आरोग्य संघटनेनुसार मुलांनी आठवड्यात ७५ डेसिबल आवाज जास्तीत जास्त ४० तास ऐकावा. दर ३ डेसिबलला वेळ निम्मी होते : ७८ ला २० तास, ८१ ला १० तास. बंद गाडीत मागच्या सीटवर मूल असतं आणि सबवूफर त्याच्या पाठीमागेच असतो, हे लक्षात ठेवा.

चिंतामणीच्या आगमनाला आपल्या चिंचपोकळीत काय गर्दी आणि दणदणाट असतो, ते सांगायला नको. पण इथेच कस्तुरबा रुग्णालय आहे, शाळाही आहेत. २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार शांतता क्षेत्राची मर्यादा दिवसा ५० आणि रात्री ४० डेसिबल आहे.

वर्गासाठी उपक्रम : मुलांना घरातल्या स्पीकरवरचे ओहम आणि वॅट वहीत लिहून आणायला सांगा. मग दोन-दोनच्या जोड्या लावून हिशोब करा. मात्र वायरला हात लावायचा नाही, हे आधीच बजावा.

त्या बाबांनी जोडणी बदलून घेतली. मुलगा परवा म्हणाला, "बाई, आता वास येत नाही, आणि बाबा आवाजही कमी ठेवतात." ही शेवटची गोष्ट ऐकून मला जास्त बरं वाटलं.

तुमच्या वर्गातले असे प्रश्न जरूर कळवा.